तारीख पाळणे हेही कामच

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत राज्यभरातून आलेली मुले-मुली ‘कॉट बेसिस’वर राहून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) परीक्षांचा अभ्यास करतात. खोली परवडत नाही म्हणून खाटेचे भाडे भरायचे, दिवस अभ्यासिकेत काढायचा आणि रात्री पाठ टेकायला परतायचे. या दिनक्रमातले त्रास एकेकटे पाहिले तर किरकोळच असतात. सकाळी बाथरूमसमोर रांग असते. मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते आणि रविवारी संध्याकाळी मेसच बंद असते. अभ्यासिकेत शेजारच्याचा मोबाईल थरथरत राहतो, आणि गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ‘निकालाचं काय झालं?’ हाच. यातल्या एकाही कारणासाठी कोणी पुस्तक मिटत नाही. पण दिवसाअखेर हिशेब केला, तर अभ्यासाचे दोन-तीन तास यांनीच खाल्लेले असतात.

या त्रासाशी कसे वागावे, हे तिथे मुरलेल्या विद्यार्थ्यांना कळलेले असते. ते मोबाईल खोलीवर ठेवून निघतात, चहाला सोबत कोण आहे ते पाहून चहाचा वेळ ठरवतात आणि परीक्षेच्या संध्याकाळी टेलिग्रामवरच्या कट-ऑफच्या भाकितांकडे फिरकत नाहीत. नवख्याचे नुकसान वेगळ्या कारणाने होते. सकाळ बिघडली की तो अख्खा दिवस सोडून देतो आणि ‘उद्यापासून नीट’ असे म्हणत झोपतो. वास्तविक सकाळ गेली तरी दुपार आणि संध्याकाळ त्याच्याच हाती असते. चिडचिड संपेपर्यंत थांबायचे नसते. ती असतानाच पुढचे पान उघडायचे असते. कोणतेही दीर्घ पल्ल्याचे काम याच रीतीने तडीस जाते.

इथवरचा भाग विद्यार्थ्याच्या हातातला. मात्र पेठेतला सर्वांत मोठा मनस्ताप मेसमधून येत नाही, तो परीक्षेच्या वेळापत्रकातून येतो. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हापुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीख नक्की धरून मुले तयारीत असताना ११ मार्चला परीक्षा पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि पुण्यातला शास्त्री रस्ता विद्यार्थ्यांनी भरून गेला. त्यानंतर ती २१ मार्चला झाली. २०२४ मध्ये २८ एप्रिलची पूर्वपरीक्षा सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक भरती परीक्षा होती. पुन्हा पुण्यात आंदोलन झाले आणि परीक्षा १ डिसेंबरवर गेली. वर्णनात्मक मुख्य परीक्षा २०२३ पासून लागू करण्याचा निर्णयही रस्त्यावर उतरल्यावरच २०२५ पर्यंत लांबला.

सगळाच दोष आयोगाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. करोना आयोगाने आणला नव्हता आणि ज्यांमुळे तारखा सरकल्या ते आरक्षणाचे निर्णयही त्याच्या कक्षेबाहेरचे होते. पण आयबीपीएस वर्षाच्या सुरुवातीलाच आपले संभाव्य वेळापत्रक जाहीर करते. दोन परीक्षा एकाच दिवशी येत आहेत, हे कळायला आंदोलनाची गरज नव्हती. शिवाय पुढे ढकलणे अटळ असले, तरी ते तीन दिवस आधी कळवणे अटळ नसते.

परीक्षा लांबली की कागदावर फक्त तारीख बदलते. विद्यार्थ्याला खाटेचे भाडे, मेस आणि अभ्यासिकेची फी आणखी काही महिने भरावी लागते, आणि हे पैसे बहुधा सोयाबीन किंवा कापूस विकून आलेले असतात. वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. लांबलेल्या महिन्यांत वय काही थांबून राहत नाही. अशा वेळी त्याच पेठांत संयमावर व्याख्याने झडतात आणि ‘धीर सोडू नका’ असे सांगून टाळ्या मिळवल्या जातात. पातळ आमटीवर संयम हा उतारा ठीक आहे. ढिसाळ नियोजनावर तोच उतारा देणे म्हणजे ज्याचे काम बिघडले त्याला मोकळे सोडून ज्याचे नुकसान झाले त्यालाच उपदेश करणे होय. आपला त्रास कोणत्या प्रकारचा, हे विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे. पहिल्याशी निमूटपणे जुळवून घ्यावे; दुसऱ्याबद्दल अर्ज, निवेदन आणि वेळ पडल्यास सनदशीर आंदोलन करावे. त्याबद्दल त्याला उतावीळ ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. किती प्रयत्न करायचे, हे पहिल्या वर्षीच ठरवावे, घरच्यांना सांगावे आणि पोटापाण्याचे दुसरे कौशल्य हाताशी ठेवावे. पद मिळाले नाही म्हणजे आयुष्य हुकले, असे नसते. आयोगाने वर्षभराच्या तारखा इतर भरती परीक्षांशी ताडून जाहीर कराव्यात आणि बदल करावाच लागला, तर कारणासह पुरेसा आधी कळवावा. हजारो तरुणांचे आयुष्य ज्या तारखेवर बेतलेले असते, ती जाहीर करणे हे आयोगाचे काम आहे. ती पाळणेही त्याचेच.