आधी खरवडायला शिका

तेलरंगाबद्दल आपल्याकडे दोन अफवा फिरतात. जुनी अफवा सांगते की तेलरंग हे पोचलेल्या माणसांचं काम. आधी पेन्सिल, मग खडू, मग जलरंग आणि पोस्टर कलर. हे सगळं पचलं की कला महाविद्यालयाच्या वरच्या वर्गात कधीतरी तेलरंगाचं दार उघडणार. नवी अफवा फोनवर राहते. तिच्यात एक हात येतो, ब्रश चार वेळा फिरतो, साठ सेकंदांत डोंगर, ढग आणि तळ्यातलं प्रतिबिंब तयार. खाली लिहिलेलं असतं: तुम्हालाही जमेल, किट मागवा.

दोघी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण त्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. नवशिक्यानं चुकायचं नाही. जुन्या अफवेच्या मते त्याची अजून तेलरंगात चुकण्याची लायकी झालेली नाही. नवीच्या मते गिऱ्हाईक चुकलं, तर दुसरं किट घेणार नाही.

मला दोन्ही मान्य नाहीत. तेलरंग हे सगळ्यांत माफ करणारं माध्यम आहे, म्हणून ते पहिल्यांदा नवशिक्याचं आहे. अडचण एवढीच, की ही माफी ज्याला चित्र वाचवायचं आहे त्याच्या काही कामाची नाही. चित्र पुसायची तयारी असलेल्यालाच ती मिळते.

हे कसं, ते समजायला थोडं रसायन लागेल. घाबरू नका, स्वयंपाकघरातलंच आहे. तेलरंग म्हणजे रंगाची पूड आणि बहुतेक वेळा जवसाचं तेल. तोच जवस, ज्याची चटणी विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर खातात. जलरंग किंवा अ‍ॅक्रिलिक वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. जवसाच्या तेलातलं काहीच असं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफून हळूहळू घट्ट पापुद्रा तयार होतो. खोबरेल असं कधीच करत नाही, शेंगदाण्याचं तेलही नाही. म्हणून घरातलं कुठलंही तेल रंगात घालून चालत नाही. या गुंफणीला वेळ लागतो. बर्न्ट अंबर एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो, कारण त्यातलं मँगनीज ही क्रिया पुढे ढकलतं. टायटॅनियम व्हाइटला कितीतरी जास्त दिवस लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

दुकानदार या उशिराला तेलरंगाचा दोष म्हणतो आणि लवकर वाळवणारी बाटली काढून दाखवतो. नवशिक्यासाठी हा उशीर म्हणजे पर्वणी आहे. आज दुपारी चुकीच्या जागी लावलेलं नाक संध्याकाळीही ओलं असतं. सरकवा, पुसा, नाइफनं खरवडून काढा. कॅनव्हास कुरकुर करत नाही.

आता हेच जलरंगात करून बघा. तिथे उजेड म्हणजे कागदाचा कोरा पांढरा. तो एकदा झाकला गेला, की तसाच्या तसा परत मिळत नाही. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात समई घेतलेली बाई, बोटांतून झिरपणारा प्रकाश. लोक ते तेलचित्र समजून बघतात. ते जलरंगातलं आहे. त्यात उजेडाची प्रत्येक जागा आधी ठरवून राखावी लागली असणार. अशी कसोटी घेणारं माध्यम आपण सातवीतल्या मुलाच्या हातात देतो, ‘सोपं आहे, यापासून सुरुवात कर’ म्हणून. तेलरंग मात्र अवघड म्हणून कपाटात ठेवतो. शिडी सरळ उलटी लावली आहे.

या उलट्या शिडीनं हाताला काय सवय लावली, ते एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्या कुणालाही विचारा. या परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हातात ब्रश दिला, हे मी नाकारत नाही. पण स्मरणचित्र असो वा वस्तुचित्र, कागद एक आणि वेळ ठरलेली. खोडलं की डाग, डाग म्हणजे ग्रेड गेली, ग्रेड गेली की दहावीचे वाढीव गुण गेले. ही मुलं पुढे पंचविशीत पगारातून तेलरंग घेतात तेव्हा अदृश्य पर्यवेक्षक मागे उभा असल्यासारखी रंगवतात. बारीक ब्रश, घट्ट मूठ, कडेपासून कडेपर्यंत भरलेला रंग. पहिलंच चित्र, तेही ताणलेल्या महागड्या कॅनव्हासवर. ते बिघडतं, बिघडणारच. मग पेटी कपाटावर जाते आणि ट्यूबची झाकणं कायमची चिकटून बसतात. पेटी बंद करणारा म्हणतो, ‘माझ्यात ते नाहीच.’ त्याच्यात काय आहे हे कळायला त्यानं अजून तीस चित्रं पुसायला हवी होती. त्याला एकही पुसू दिलं नाही, म्हणून मला या अफवांचा राग आहे.

मोठे चित्रकार पुसत नव्हते, असं वाटतं का? जॉन सिंगर सार्जंट हा हाताच्या सफाईसाठी प्रसिद्ध असलेला माणूस. १८८५ आणि १८८६ च्या शरदात इंग्लंडमधल्या ब्रॉडवे गावी तो एक मोठं चित्र करत होता: संधिप्रकाशात, फुलांमध्ये कागदी कंदील लावणाऱ्या दोन मुली. त्याला हवा तो जांभळट उजेड रोज काही मिनिटंच टिकायचा. ईझल आधी मांडून ठेवायचा आणि क्षण आला की तेवढंच रंगवायचं. त्या वेळी तिथे असलेल्या एडविन ब्लॅशफील्ड या चित्रकाराची आठवण अशी, की सकाळी बघावं तर आदल्या संध्याकाळचं काम खरवडून टाकलेलं असायचं, आणि हे पुनःपुन्हा घडायचं. थंडीनं खरी फुलं गेली तेव्हा कृत्रिम फुलं लावून काम पुढे चाललं. ते चित्र आज लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे आणि बघणाऱ्याला ते एका दमात झाल्यासारखं वाटतं.

लंडनच्याच स्लेड कलाशाळेत हेन्री टाँक्स नावाचे प्राध्यापक होते, मूळचे शल्यविशारद. दिवसाच्या शेवटी ओल्या चित्रावर वर्तमानपत्राचा कागद दाबायचा आणि उचलायचा. जादा रंग कागदाबरोबर निघून येतो आणि खाली आकाराची पुसट सावली उरते. या कृतीला चित्रकार आजही ‘टाँकिंग’ म्हणतात. गुरुजींचं नाव लागलं ते रंग लावण्याच्या नव्हे, काढण्याच्या रीतीला. आपल्याकडे असं एखाद्या सरांचं नाव लागलं असतं, तर मी त्यांच्या गावी जाऊन नारळ फोडला असता.

आता त्या साठ सेकंदांच्या हाताकडे येऊ. त्याचे पूर्वज बॉब रॉस. १९८३ ते १९९४ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर ते अर्ध्या तासात ओल्यावर ओला रंग लावून निसर्गचित्र पूर्ण करत. माणूस गोड होता, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: कार्यक्रमातलं प्रत्येक चित्र ते तीनदा करत. एक आधी, कॅमेऱ्याबाहेर समोर ठेवून बघायला, दुसरं कॅमेऱ्यासमोर, तिसरं नंतर, पुस्तकासाठी. म्हणजे प्रेक्षकानं पाहिलेला अर्धा तास हा दुसरा प्रयत्न होता. आजच्या रीलमध्ये तर अर्धा तासही नाही आणि आधीच्या चित्राचा पत्ताही नाही. तुम्ही स्वतःच्या पहिल्या प्रयत्नाची तुलना कुणाच्यातरी कापून-जोडून वेगवान केलेल्या प्रयत्नाशी करता आणि रडता.

‘पण मला शिकवायला कुणी नाही.’ राजा रविवर्म्यालाही नव्हतं. त्रावणकोरच्या दरबारातल्या रामस्वामी नायकरनं त्याला तेलरंग शिकवायला नकार दिला, आणि पुढे आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकारानं फक्त काम बघू दिलं. बाकीचं त्यानं रंगांशी झटापट करून मिळवलं. मग आपल्या आज्यांच्या देवघरांत त्याच्याच लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील प्रती लागल्या. तुमच्याकडे बघायला अख्खा यूट्यूब आहे. झटापटीचा भाग मात्र तिथून डाउनलोड होत नाही.

‘महाग आहे.’ हा आक्षेप खरा आहे, आणि किट विकणारेच तो खरा करतात. बारा-चोवीस इवल्या ट्यूबांचा सेट घेऊ नका. त्यात जांभळा असतो, दोन गुलाबी असतात, आणि ज्याची सर्वांत जास्त गरज तो पांढरा पहिल्या आठवड्यात संपतो. दोन ट्यूब घ्या: टायटॅनियम व्हाइटची मोठी आणि बर्न्ट अंबर. झाला पहिला महिना. पुढे यलो ऑकर, एक लाल आणि काळा. आंदेर्स झोर्न या स्वीडिश चित्रकाराच्या १८९६ च्या आत्मचित्रात त्याच्या हातातली पॅलेट दिसते. तिच्यावर चारच रंग आहेत: पांढरा, पिवळा, लाल, काळा. एवढ्यात त्याला माणसाची कातडी जमायची; आपल्याला वांगं जमायला हरकत नसावी.

कॅनव्हासही नको. जाड पुठ्ठा किंवा जलरंगाचा जाड कागद घ्या, त्यावर अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या. थेट कागदावर रंगवू नका. जवसाचं तेल काळाच्या ओघात कागदाचे धागे खाऊन टाकतं. दोन सपाट ब्रश, बोटभर रुंद. एक नाइफ. टर्पेंटाइन सध्या आणूच नका. एका खोलीच्या घरात, पावसाळ्यात खिडकी बंद असताना त्याचा वास डोकं उठवतो, आणि तो वास म्हणजे कलेचा सुगंध वगैरे काही नाही. ब्रश चिंधीला पुसा, साध्या खाद्यतेलात घोळवून पुन्हा पुसा, मग भांड्यांच्या साबणानं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

मग खिडकीशी लसणाचा एक गड्डा ठेवा. उजेड एकाच बाजूनं येऊ दे. डोळे अर्धे मिटून बघा, म्हणजे पाकळ्या नाहीशा होतात आणि तीनच गोष्टी उरतात: उजेड, सावली आणि मधलं. त्या तीन छटा नाइफनं कालवून घ्या आणि मोठ्या ब्रशनं लावा. चाळीस मिनिटं, फोनवर गजर लावून. गजर झाला की बघा, कुठे फसलं ते मनाशी बोला आणि सगळं खरवडून टाका. बरं झालं असेल तरी. बरं झालं असेल तर जरूर, कारण बऱ्या झालेल्या लसणाला जपायच्या नादात पुढचे दहा लसूण राहून जातात.

खरवडल्यावर पुठ्ठा कोरा होत नाही, यातच गंमत आहे. प्रायमरच्या खरखरीत खोबणींत रंग अडकून राहतो. तपशील जातो, आकार आणि छाया-प्रकाश फिकट उरतो. दुसऱ्या दिवशी त्याच पुठ्ठ्यावर, त्याच लसणाला त्या सावलीवरून सुरुवात करायची. आदल्या दिवसाचं शिकलेलं पुठ्ठ्यात शिल्लक असतं आणि आदल्या दिवसाचा अहंकार चिंधीत गेलेला असतो.

मला माहीत आहे, हे वाचून पोटात कालवतं. आपली घरं अशी, की वहीच्या दोन्ही बाजू भरल्याशिवाय नवी वही मिळत नाही. वाया घालवणं हे आपल्याकडे पापाच्या जवळचं. चुकण्याची चैन ज्यांना परवडते त्यांची कला वेगळी, आपली वेगळी, असंही मनात येतं. पण हिशेब मांडून बघा. महिनाभराच्या लसणांना एक-दोन पुठ्ठे आणि थोडा रंग लागला. भिंतीवर लावायच्या एका कॅनव्हासचे पैसे त्याहून जास्त झाले असते. शिवाय खरवडलेला रंगही टाकायचा नाही. सगळा एकत्र केला की करडा-तपकिरी लगदा होतो, तो पुढच्या पुठ्ठ्यावर पातळ फासून जमीन करायची. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको.

जाणकार आता आठवण करून देतील: ‘फॅट ओव्हर लीन’ राहिलं. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. नाहीतर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागून हलतो आणि चित्राला भेगा जातात. नियम खरा आहे. पण तुमचा आणि त्याचा संबंध येतो थरांवर थर चढवून चित्र टिकवायची वेळ आल्यावर. रोज खरवडणाऱ्याला पहिल्याच दिवशी हा नियम ऐकवणं म्हणजे पोहायला आलेल्याला जहाजबांधणी सांगणं. ‘आधी ड्रॉइंग पक्कं करा’ हेही त्यातलंच. ब्रशनं तीन छटा योग्य जागी ठेवणं हे ड्रॉइंगच आहे, आणि ओल्या रंगात ते दुरुस्त करता येतं.

राहिला प्रश्न पोस्ट करण्याचा. महिनाभर दाखवायला काहीच नसेल. मित्र विचारतील, ‘काय रे, पेंटिंग चाललंय ना?’ त्यांना पुठ्ठ्याचा फोटो पाठवलात तर भिंतीला ओल आल्यासारखं दिसेल. पाठवू नका. ज्या कामाला अजून स्वतःचंच मत ठरवता आलेलं नाही, ते दोनशे लोकांच्या अंगठ्यांपुढे कशाला न्यायचं?

आणि त्या चिंध्या. त्यांचा बोळा करून केराच्या टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. दोरीवर एकेक सुटी वाळत घाला, कडक झाली की टाका. आई विचारेल हे काय वाळत घातलंय, तर सांगा, आजचा लसूण.