हळदीची बाकी राहिलेली परीक्षा

जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय निबंध पुढे ठेवून तो खटला जिंकला. अभिमान रास्तच. पण सिद्ध झाले ते एवढेच की, हा वापर नवा नाही. हळदीने जखम किती लवकर भरते, हा तिथे प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आपण अजूनही बहुधा उंदरांनाच विचारतो. हळद, कोरफड, दगडी पाला यांचा अर्क उंदराच्या पाठीवरील जखमेला लावायचा आणि रोज मोजायचे. पण उंदराची कातडी सैल असते. त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाच्या जखमेत तळातून नवे मांस धरावे लागते आणि कडेने नवी त्वचा सरकावी लागते. त्यातून प्रयोगातला उंदीर सहसा तरुण, धडधाकट. आपला रुग्ण मात्र पायाची जखम महिनोन्महिने चिघळलेला मधुमेही.

माणसांवर चाचणी होऊच शकत नाही, असे मात्र नाही. युरोपातील भूर्ज वृक्षाच्या (आपल्या भूर्जपत्राचा हा भाऊबंद) सालीच्या अर्काचे मलम, जराशा घर्षणानेही त्वचा सोलवटणाऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या २२३ रुग्णांवर तपासले गेले. कोणाला अर्काचे मलम, कोणाला बिनअर्काचे, हे रुग्णाला किंवा डॉक्टरला ठाऊक नव्हते. ४५ दिवसांत अर्क लावलेल्यांपैकी ४१.३ टक्के रुग्णांची निवडलेली जखम पूर्ण भरली. बिनअर्काच्या गटात २८.९ टक्के. हा दुसरा आकडा नसता, तर सगळे श्रेय सालीच्या पदरात पडले असते. युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये मलमाला मान्यता दिली.

आपल्याकडे ग्रंथोक्त औषधाला परवान्यासाठी अशा चाचणीची सक्ती नाही. मग खर्च कोण करील? आयुष मंत्रालयाने आणि ‘आयसीएमआर’ने हळदीपासून सुरुवात करावी. अर्क कशात काढला, त्यात कुर्कुमिन किती, तो निर्जंतुक आहे का, हे आधी ठरवून मग मधुमेही जखमांवर तुलनात्मक चाचणी घ्यावी.

तोवर मधुमेहींनी पायाच्या जखमेत हळद भरून घरी बसू नये. नसा बधिर झाल्या असतील तर जखम दुखत नाही. ती आतून हाडापर्यंत पोचलेली असू शकते.