उंचीचा रकाना कोण वाचतो?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : शाळेत नोंदवली जाणारी मुलांची उंची दरवर्षी ताडून पाहण्याबाबत



मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला हाशिमोटो थायरॉइडायटिस आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते, ग्रंथी हळूहळू थकत जाते आणि थायरॉक्सिन कमी पडू लागतं, असा हा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या गलगंडांवरून तो पहिल्यांदा मांडला. बायकांचा आजार ही त्याची ओळख आजही पुसलेली नाही. “एवढ्याशा पोरीला कुठे थायरॉइड होतो?” हे मी नातेवाइकांकडून ऐकलं, औषधाच्या दुकानात ऐकलं आणि दवाखान्यातही ऐकलं. होतो. मुलींना जास्त होतो, मुलग्यांनाही होतो. टाइप वन मधुमेह, डाउन सिंड्रोम किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये त्याची शक्यता आणखी वाढते.

आपणा दोघांना एकच पत्र लिहिण्याचं कारण तिचं प्रगतिपुस्तक. निदान झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी उंचीच्या जुन्या नोंदी मागितल्या. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून पहिलीचं आणि दुसरीचं प्रगतिपुस्तक काढून शेजारी शेजारी ठेवलं. पहिलीच्या दुसऱ्या सत्रात उंची ११४ सेंटीमीटर. दुसरीच्या दुसऱ्या सत्रात ११६. वजन त्याच काळात तीन किलोंनी वाढलेलं. दोन्हीकडे अक्षर एकाच बाईंचं, नोंदी नीटनेटक्या, आणि खाली शेरा : ‘शांत व आज्ञाधारक’.

वयाच्या चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढतं. दोन सेंटीमीटर म्हणजे वाढ जवळजवळ थांबलेली. लहान मुलांमध्ये थायरॉक्सिन कमी पडू लागल्याची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते. मोठी माणसं थकवा, सूज, केस गळणं सांगतात. मूल काहीच सांगत नाही. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच वाटत असेल. माझी मुलगी मार्चच्या उन्हातही पंख्याखालून उठून बसायची, मधल्या सुट्टीत खो-खो सोडून पायरीवर बसायची, आणि वर्गात मात्र कुणाला त्रास द्यायची नाही. अशा मुलीबद्दल शाळेची तक्रार कशी असेल?

बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी उंची मोजली आणि लिहिली. पण त्या रकान्याशेजारी ‘मागील वर्षापेक्षा वाढ’ असा रकाना नाही, आणि वाढ अमुक इतकी कमी असेल तर कुणाला कळवायचं हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. राज्यातल्या लाखो मुलांची उंची दरवर्षी अशी लिहिली जाते. ती वाचणारा माणूस मात्र आपण नेमलेलाच नाही.

याची मुळं मला आपल्या जुन्या लढाईत दिसतात. कुपोषणाशी झगडताना आपण वजनाकडे बघायला शिकलो, आणि ते योग्यच होतं. अंगणवाडीतला काटा, वजनाचा तक्ता, लाल-पिवळे-हिरवे पट्टे या सगळ्यांनी मुलं वाचवली. पण हा आजार वजनाआड लपतो. मूल खंगत नाही, उलट अंग धरतं. गाल भरतात. आजी म्हणते, “आता कुठे पोरगी बाळसं धरतेय.” काट्यावर उभं केलं तर सगळं ठीक. उंचीचे दोन आकडे एकाखाली एक ठेवले तरच चोर सापडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे आपल्या हातातलं मोठं साधन आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची देशपातळीवरची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, असं त्याचं स्वरूप. पथकात दोन आयुष डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता. एका दिवसात अख्खी शाळा तपासणाऱ्या या माणसांच्या कामाबद्दल मला आदर आहे. त्यांच्यापुढची अडचण साधी आहे. मूल त्यांना त्या दिवसापुरतं दिसतं. गेल्या वर्षीचा आकडा हातात नसेल तर ११६ सेंटीमीटर ही एका बुटक्या मुलीची उंची आहे, एवढंच कळतं.

या कार्यक्रमातल्या तीस आजारांच्या यादीत गलगंड आहे, पण तो ‘कमतरता’ या गटात आहे. म्हणजे गळ्याला सूज दिसली की मन आपोआप आयोडीनकडे वळतं आणि पालकांना मीठ बदलायला सांगितलं जातं. जेव्हा ही विभागणी रुजली तेव्हा ते खरंही होतं. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ चा. त्यानंतर आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचलं, आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. जिथे आयोडीन पुरेसं मिळतं, तिथे शाळकरी मुलांच्या गलगंडाचं सर्वांत मोठं कारण हाशिमोटो हेच असतं. तेव्हा मूल गळ्याची सूज घेऊन आलं तर मिठाच्या सल्ल्याबरोबर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेली प्रतिपिंडं) यांच्या रक्ततपासणीसाठी चिठ्ठी मिळाली पाहिजे. यादीत एवढी एक ओळ वाढवणं आपल्या अधिकारात आहे.

सरसकट सगळ्या मुलांचं रक्त तपासा, असं मी म्हणत नाही. तसं करू नका, अशीच माझी विनंती आहे. टीएसएच थोडं वर-खाली होणं मुलांमध्ये नेहमीचं आहे, स्थूल मुलांमध्ये तर ते बऱ्याचदा किंचित वाढलेलं असतं. त्यातून निष्कारण गोळ्या सुरू होतात आणि घरोघरी भीती शिरते. अँटी-टीपीओ आहे पण ग्रंथीचं काम नीट चाललंय, अशा मुलाला औषध लागत नाही, फक्त लक्ष लागतं. सुई टोचायच्या आधी मोजपट्टी वापरा, एवढंच मागणं आहे. आणि ती मोजपट्टी नीट हवी. कित्येक शाळांत उंची भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर मोजतात, बूट घालून, वेणीच्या गाठीवर पट्टी टेकवून. सगळी भानगड दोन सेंटीमीटरची असताना तेवढी चूक परवडत नाही. प्रत्येक केंद्रशाळेला एक चांगलं उंचीमापक द्या, आणि पहिलीपासूनच्या नोंदी मुलाबरोबर एकाच कार्डावर पुढच्या इयत्तेत जाऊ द्या. वर्षभरात चार सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ दिसली तर पथकाने ते मूल पुन्हा मोजावं आणि याच कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावं, असं परिपत्रक काढा.

निदान झाल्यावरचं आयुष्य शाळेशी बांधलेलं आहे, म्हणून शालेय शिक्षण मंत्र्यांना आणखी थोडं सांगते. कमी पडणारं थायरॉक्सिन भरून काढणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, मग निदान अर्धा तास दूध नाही, बिस्कीट नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला उठल्या उठल्या दुधापासून दूर ठेवणं म्हणजे काय, हे घरातल्यांनाच ठाऊक. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय आपण फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, त्याने आमच्यासारख्या घरांना मोठा आधार झाला. दोन सत्रांत शाळा भरवण्याची अडचण सांगून तो मागे घेतला जाऊ नये. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर लागतं. शाळेत ती जेवणानंतर दिली तर काहीच अडचण नाही, सकाळी आल्या आल्या दिली तर आमची गोळी वाया जाते. हे शिक्षकांना माहीत हवं. त्यांना आणखी एक माहीत हवं : उपचार सुरू झाल्यावर काही मुलं एकदम चळवळी होतात, चित्त ठरत नाही, गुण घसरतात. ‘शांत व आज्ञाधारक’ मुलगी अचानक बोलकी झाली तर तो व्रात्यपणा समजून शिक्षा करू नका. शरीर जागं होतंय, त्याला काही महिने द्या.

आता गोळीबद्दल. ती महाग नाही, आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. अडचण मात्रेची. लहान मुलाची मात्रा वजनावर ठरते, वाढीबरोबर बदलते आणि बऱ्याचदा साडेबारा मायक्रोग्रॅमच्या टप्प्यांनी पुढे सरकते. आमच्या गावात पन्नास आणि शंभरच्या बाटल्या सहज मिळतात, पंचवीसची मागवावी लागते, साडेबाराची येतच नाही. म्हणून ओट्यावर कटरने पंचवीसचे दोन तुकडे करायचे. गोळी एवढीशी, ती कधीच बरोबर मधोमध तुटत नाही; एक तुकडा मोठा निघतो, दुसऱ्याचा भुगा होतो. पावसाळ्यात उरलेला अर्धा तुकडा दमट होतो. तो भुगा चमचाभर पाण्यात कालवून द्यायचा आणि आज तिला नेमकं किती औषध गेलं याचा अंदाज करत बसायचं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी. ही मुलं कधी दाखल होत नाहीत. त्यांना रोज एक छोटी गोळी आणि दर काही महिन्यांनी एक रक्ततपासणी लागते. ग्रामीण रुग्णालयाच्या औषधसाठ्यात साडेबारा आणि पंचवीसची गोळी कायम राहील, आणि रक्ताचा नमुना तालुक्यातच घेतला जाईल, एवढं केलंत तर पुण्याची वारी आणि बुडणारी मजुरी वाचेल. आम्ही निभावून नेतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आईने हे कसं करायचं?

आणखी एक काम अन्न व औषध प्रशासनाकडून करून घ्या. ‘थायरॉइड मुळापासून बरा’, ‘मुलांची उंची वाढवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहेत. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत गलगंड आहे आणि माणसाची उंचीही आहे. तो वापरून या जाहिराती थांबवा; कायदा हाताशी असताना आई-वडील गोळी बंद करून चूर्ण सुरू करतात आणि मुलाचं वाढीचं वर्ष हातचं जातं.

मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून हे कुणाला सांगू नका, असा सल्ला आम्हाला अगदी प्रेमाने मिळाला. आम्ही तो मानला नाही. तिच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे की ती सकाळी गोळी घेते. गेल्या सत्रात ती पुन्हा वाढायला लागली आहे.

शाळा जूनमध्ये उघडतात आणि उंची-वजनाच्या नोंदी पहिल्या सत्रातच सुरू होतात. परिपत्रक त्याआधी निघालं तर याच वर्षीपासून ते लागू होईल. आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांच्यापुरतं कामाला लागायचं ठरवलं आहे : या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावापुढे मागच्या वर्षीचा आकडा लाल शाईने लिहिला जाणार आहे.

आपली नम्र,
तिसरीतल्या एका मुलीची आई