रश्श्याला नव्हे, पोपटीला

मटण तिखट असेल तर वाइनही तगडी हवी, हे समीकरण आपल्याकडे इतकं रुळलं आहे की त्याची शहानिशा करायच्या फंदात कुणी पडत नाही. वाशी-नेरूळच्या मेजवानीत इटलीची एखादी दणकट रेड उघडली, की शेजारी आगरी मसाल्याचा लालभडक रस्सा आलाच. सार्डिनिया बेटावरची ‘कान्नोनाऊ’ ही अशीच वाइन. स्पेनमध्ये गार्नाचा आणि फ्रान्समध्ये ग्रेनाश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या द्राक्षाची, अल्कोहोल बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास. तिची नि रश्श्याची सोयरीक जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला जोडीदार हवा असेल तर तो पनवेल-उरणच्या शेतात, थंडीत लागणाऱ्या पोपटीत आहे.

रश्श्याची अडचण शरीरशास्त्राची आहे. तोंडातले जे संवेदक मिरचीतल्या कॅप्सेसिनने चेतवले जातात, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. म्हणजे जहाल वाइन तिखटाचा जाळ शमवत नाही, वाढवते. त्यात रेड वाइनचा तुरटपणा तिखटाने पोळलेल्या जिभेला अधिकच कोरडा वाटतो आणि फळाचा स्वाद कुठल्या कुठे विरतो. महागडी बाटली रिकामी होते, लक्षात राहतो तो ठसका. ‘चव ज्याची त्याची’ असं यावर म्हणता येईल, आणि ठसकाच हवा असेल त्याच्याशी वाद नाही. पण मग त्यासाठी समुद्रापलीकडची वाइन कशाला?

सार्डिनियाचे लोक स्वतः ही वाइन कशाबरोबर पितात, ते पाहावं. चहूबाजूंनी समुद्र असूनही या बेटाचं नाव झालं ते डोंगराळ भागातल्या मेंढपाळांच्या जेवणामुळे. कारण किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मलेरियाने ठाण मांडलं होतं. मेंढपाळांच्या या जेवणात काय असतं? मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, भाजलेलं कोकरू आणि ‘पोर्चेद्दू’, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर सावकाश भाजलेलं डुकराचं पिल्लू. मसाला म्हणाल तर मीठ, आणि भाजून झाल्यावर मर्टलच्या पाल्यावर ठेवणं. मर्टल हे आपल्या जांभळाच्या नि पेरूच्या कुळातलं सुगंधी झुडूप. आता पोपटी आठवा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हलकं मुरवलेलं कोंबडीचं मांस, जाडं मीठ नि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. धूर, पाल्याचा कडसर वास आणि स्वतःच्या रसात शिजलेलं मांस. मिरचीचा अडसर नसल्याने इथे वाइनचा तुरटपणा चरबीला भिडतो नि धुराचा वास तिच्या पिकल्या फळासारख्या स्वादाला उठाव देतो. वाटण मात्र बेताचंच लावायचं. हल्ली कोंबडीला लाल तिखट चोपडतात, तिथे हा हिशेब फसतो.

मग दिवाळे गावच्या मासळीचं काय? तिच्यासाठी ही वाइन घेऊच नये. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी मिळून तोंडात उग्र वास सोडतं, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. सार्डिनियाच्या किनाऱ्यावरही मासळीबरोबर वेर्मेंतीनो ही पांढरी वाइनच घेतात. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. परदेशी वाइनवर आपण वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क मोजत आलो. पण अशा वाइनसाठी न्हावा-शेवा बंदरातल्या कंटेनरकडे डोळे लावायची गरज नाही. अकलूजला मोहिते-पाटलांच्या भागीदारीत इटालियन सेच्ची बंधूंनी सांजोव्हेजे हे तस्कनीचं द्राक्ष रुजवलं आहे. पोपटीला तेही शोभेल. फक्त बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, कारण ‘रूम टेम्परेचर’चा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांचा आहे.

सार्डिनियाच्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांचा दाखला देऊन कान्नोनाऊ विकली जाते, तो मात्र मला पटत नाही. ती माणसं आयुष्यभर डोंगर चढली, बेताचं जेवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंच आहे की मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. प्यायची तर चवीसाठी, तीही बेतानेच. आणि रश्श्यासोबत काहीतरी हवंच असेल, तर कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर, थंड ताडी या दणकट परदेशी पाहुणीपेक्षा केव्हाही सरस.