ठोके, मेंदू आणि रात्रीचा मोबाइल

इंटरनेटमुळे मुलांचा मेंदू आक्रसतो, असे हल्ली पालकसभेत ठामपणे सांगितले जाते. एवढ्या ठामपणाला आधार किती, हे आम्ही पाहायचे ठरवले.

निरोगी हृदय घड्याळासारखे एकसारखे चालत नाही. मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. (विद्यार्थ्यांनी हे वर्गात करून पाहावे, मजा येते.) हे मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे काम. ठोक्यांमधले अंतर असे कमीजास्त होणे हे शरीर ताणातून सावरू शकत असल्याचे लक्षण मानतात. कपाळामागचा मेंदूचा भाग या यंत्रणेवर नियंत्रण ठेवण्यास मदत करतो, आणि ‘आता पुरे’ असे स्वतःला बजावण्यातही त्याचाच मोठा वाटा असतो. पंचविशीपर्यंत तो पक्व होत असतो.

दक्षिण कोरियात ऑनलाइन खेळांच्या आहारी गेलेल्या तरुणांच्या तपासण्या झाल्या. काही अभ्यासांत ठोक्यांतला हा लवचीकपणा कमी आढळला, काहींत मेंदूच्या पुढच्या भागातले करडे द्रव्यही. पण बहुतेक अभ्यास थोड्याच जणांवर, तेही बव्हंशी मुलग्यांवर आणि एकदाच मोजमाप घेऊन केलेले. खेळामुळे मेंदू तसा झाला, की मेंदू तसा म्हणून खेळ सुटत नाही, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय अपुरी झोप, चिंता आणि बैठी सवय यांचाही ठोक्यांवर परिणाम होतो. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलात नेमके काय कारणीभूत, कोणी सांगावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, ‘इंटरनेटचे व्यसन’ असा आजार नाही. तेव्हा वर्गात चारचौघांत एखाद्याला ‘व्यसनी’ म्हणणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

नुसत्या बंदीनेही भागत नाही. कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळांची बंदी केली. मोबाइलवरचे खेळ त्यातून सुटलेलेच होते. २०२२ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला.

झोप आणि मैदान मात्र आपल्या हातात आहे. मूल कोचिंगहून आठ वाजता घरी येते आणि गृहपाठ साडेनऊला व्हॉट्सअॅपवर येतो. मग मोबाइल ठेव म्हणायचे कोणत्या तोंडाने? गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी वहीतच लिहून द्यावा. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देण्याची प्रथा बंद व्हावी. रात्री सगळ्यांचे मोबाइल, आईवडिलांचेही, स्वयंपाकघरात चार्जिंगला लागावेत. पहिल्या दोन गोष्टी विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवाव्यात, अशी आमची मागणी आहे.