राणीची बाग आणि पहिल्या व्रताचा प्रश्न

रविवारी सकाळी नवकारशी पाळून, खाखरा आणि दूध आटोपून, उकळलेल्या पाण्याची बाटली बरोबर घेऊन करी रोडवरील कितीतरी जैन कुटुंबे मुलाबाळांसह भायखळ्याकडे निघतात. रेल्वेने चिंचपोकळी आणि भायखळा ही दोनच स्थानके. पायी जाणाऱ्यास लालबागेतून डॉ. आंबेडकर मार्गाने सरळ दक्षिणेस उतरावयाचे. ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे हे बरे, कारण दुपारी प्राणी सावलीत पडून राहतात आणि मुलांची निराशा होते. बुधवारी बाग बंद असते, हे विसरून गेलेल्यांना परत फिरावे लागते.

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे आजचे नाव असले, तरी लोकांच्या तोंडी अद्याप राणीची बागच आहे. १८६२ च्या नोव्हेंबरात ती खुली झाली तेव्हा ती मुख्यतः वनस्पतींची बाग होती. प्राणी पुढे आले. १८७३ साली तिचा कारभार नगरपालिकेकडे गेला. गोरखचिंचेचे प्रचंड बुंधे आणि फुललेली उर्वशी पाहण्यासाठी वनस्पतींचे अभ्यासक आजही येथे येतात. प्राणी पाहण्यास आलेले लोक मात्र त्या झाडांखाली केवळ सावलीपुरते थांबतात. काळा घोडा येथेच आहे. घारापुरीचा दगडी हत्तीही येथेच आहे; १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात फुटला आणि त्याचे तुकडे येथे आणून १९१४ साली जोडण्यात आले.

श्रावकाच्या घरातील मुलाला ही बाग थोडी निराळी दिसते. देरासरात त्याने प्रभूंची लांछने पाहिलेली असतात. अजितनाथांचा हत्ती, अभिनंदनस्वामींचे वानर, सुविधिनाथांचा मगर, शांतिनाथांचे हरण, मुनिसुव्रतस्वामींचे कासव. आजोबा नातवंडांना हरणांच्या कुंपणाशी उभे करून सोळाव्या तीर्थंकरांचे नाव विचारतात, आणि मुलेही उत्साहाने पुढचा पिंजरा गाठतात. महावीरस्वामींच्या सिंहासाठी मात्र या बागेने पुष्कळ वर्षे मुलांना रिकाम्या हाताने परत पाठविले. पाठशाळेतील महिनाभराच्या पाठांतरापेक्षा अशा एका फेरीत लांछने अधिक पक्की होतात.

पण त्याच पाठशाळेत मुलाने पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचारही पाठ केलेले असतात : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. त्यांतील पहिलाच शब्द घेऊन ते गजांपाशी विचारते, ‘‘आजोबा, हा बंध नव्हे काय?’’ या प्रश्नाला ‘‘चल, पुढे पेंग्विन पाहू’’ हे उत्तर होऊ शकत नाही.

जीवाला त्याच्या इच्छित स्थळी जाण्यास अडविणे म्हणजे बंध, असा अर्थ टीकाकारांनी केला आहे. गृहस्थाला गाईगुरे बांधावीच लागतात, हे पूर्वाचार्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी सकारण आणि निष्कारण बंध असा भेद केला, आणि सकारण बांधतानाही गाठ सैल असावी, आग लागली तर जनावराला सुटता यावे, इतक्या बारकाईने सांगितले. या कसोटीवर केवळ पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठी घातलेला पिंजरा टिकत नाही. मात्र प्रश्न एवढ्याने सुटत नाही. २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून येथे आलेली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी प्राणिसंग्रहालयातच जन्मलेली. असा वाघ रानात सोडला तर त्याला शिकार साधत नाही. दार उघडणे ही त्याच्यापुरती दया ठरत नाही. बंध मागच्या पिढ्यांनी घातला; आता त्याची गाठ किती सैल करता येईल, एवढेच हाती उरते. पूर्वीच्या अरुंद पिंजऱ्यांच्या जागी झालेली प्रशस्त आवारे या दृष्टीने मोलाची आहेत.

बागेपासून थोड्याच अंतरावर, मोतीशा लेनमध्ये, आदीश्वर दादांचे देरासर आहे. शेठ मोतीशांनी ते १८२८ साली, म्हणजे बागेच्याही आधी, उभारले. कार्तिकी पौर्णिमेस शत्रुंजयाला जाऊ न शकणारे मुंबईकर येथे लोटतात. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल झाली, आणि दोन वर्षांनी याच मोतीशांनी सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह भुलेश्वरच्या पांजरपोळाचा पाया घातला. एक जैन, एक पारशी, दोघेही चीनच्या व्यापारातले भागीदार. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा बसवून घेतला. आवार पांजरपोळालाही असते, परंतु ते आत असलेल्या जीवासाठी असते. तिकीट काढून पाहणाऱ्यासाठी नसते.

तिकिटाचाही विचार व्यापारी घरात होणारच. २०१७ साली प्रौढांचे शुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आईवडील आणि दोन मुले यांना मिळून १००. सेऊलहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांसाठी थंड हवेचे दालन उभारले गेले, त्यानंतरची ही वाढ. पेंग्विन मासे खातात, वाघ मांस खातो. त्यांना दुसरे काही देता येत नाही. काही श्रावक या कारणाने बागेत पाऊल टाकीत नाहीत. काही केवळ झाडांसाठी, पहाटे फिरण्यास जातात. दोघांचाही निर्णय समजण्यासारखा आहे. घरात त्यावर मोकळेपणी बोलणे झाले नाही, तर मुलाचा प्रश्न तसाच राहतो.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. दया म्हणून वानराला बिस्किट किंवा हरणाला गाठिया टाकू नये. नियमाने ते मना आहेच. शिवाय तळलेल्या, खारट पदार्थांनी त्या जीवाचे पोट बिघडते, आणि पोटात गेलेली प्लास्टिकची पिशवी तर प्राणही घेते.

ज्याला मुलाच्या हातून जीवदया घडवावयाची आहे, त्याने करी रोडहून उलट दिशेस एकच स्थानक जावे. परळला १८८३ पासून बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. मकरसंक्रांतीच्या दिवसांत मांज्याने पंख कापलेली कबुतरे आणि घारी तेथे आणल्या जातात. लालबाग-परळच्या गच्च्यांवर पतंग उडतात त्या दिवशी हवा जाऊ शकेल असे पुठ्ठ्याचे खोके आणि जुना मऊ पंचा घरात तयार ठेवावा. जखमी पक्ष्याला पाणी पाजण्याची घाई करू नये, त्याला अंधारात शांत ठेवून थेट रुग्णालय गाठावे.