आधी चारा लावा, मग बकऱ्या आणा

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या आणि गाड्यांच्या गर्दीत बकरी बांधायला जागा नाही, आणि बांधूही नये. पण इथल्या कितीतरी घरांची काटोल, कळमेश्वर, हिंगणा, उमरेडकडे दोन-चार एकर शेती आहे. निवृत्त झालेले काका असोत की नोकरीची वाट पाहून थकलेला मुलगा, शेतावर बकऱ्या पाळायचा विचार अनेकांच्या मनात आहे. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जरूर पाळा, पण पहिल्या वर्षी पाचांवर जाऊ नका, आणि त्या पाचही इथल्याच घ्या.

इथल्या म्हणजे बेरारी. तांबूस अंग, पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेली काळी रेघ. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोल्याकडची ही बकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या उन्हात वाढलेली आहे. शासनदरबारी स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद 2012 मध्ये झाली, गावातल्या माणसाला मात्र ती आधीपासून ठाऊक होती. मोबाईलवर दिसणारे धिप्पाड बोअर किंवा जमनापारी पाहून भुलू नका. दूरवरून ट्रकमध्ये कोंबून आणलेलं जनावर प्रवासानेच खचतं, आणि त्याचा धक्का नवख्या माणसाला सोसत नाही. खरेदी बाजारातून न करता ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून करा. दात बघा, कास दाबून बघा, मागच्या वेताला किती पिल्लं झाली ते विचारा. आणि किंमत अंदाजाने नको, काट्यावर वजन करून ठरवा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते चाऱ्यात. तीस किलोच्या बकरीला हिरव्या चाऱ्याशिवाय रोज अर्धा किलो कुटार लागतं असं धरा. पाच बकऱ्यांचं वर्षाचं नऊ क्विंटल झालं. तूर-हरभरा निघतो तेव्हा कुटार स्वस्त असतं, तेव्हाच भरून ठेवा; मे महिन्यात शोधायला निघालात तर मागतील तो भाव द्यावा लागेल. जूनमध्ये धुऱ्यावर शेवरी, हदगा, सुबाभूळ लावा. सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका, तिच्या अतिरेकाने केस गळतात. ही झाडं हाताशी आली की दिवाळीनंतर बकऱ्या आणा. पावसाळ्यात ओल्या गोठ्यात नवी जनावरं घालू नयेत.

गोठ्यावर लाख-दोन लाख घालायची गरज नाही. एका बकरीला छताखाली दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर मोकळी त्याच्या दुप्पट जागा पुरे. जमीन कोरडी हवी, उतार हवा. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसला जातो, म्हणून छतावर पराटी-तुराटीचा थर टाका आणि दिवसभर थंड पाणी ठेवा. डिसेंबरच्या थंडीत मोठी बकरी तगते, पण पिल्लं न्यूमोनियाने जातात. रात्री त्यांना तट्ट्याच्या आडोशाला, कोरड्या कुटारावर ठेवा. पिल्लू जन्मलं की अर्ध्या-एक तासात त्याला चीक पाजा. यात कसूर झाली तर पुढे कितीही औषधं द्या, पिल्लू हातचं जातं.

नवी आणलेली जनावरं तीन आठवडे वेगळी बांधा. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस चुकवू नका. आंत्रविषाराची पावसाळ्याआधीच द्या. जंताचं औषध लेंड्या तपासून, डॉक्टरांना विचारून द्या. गाभडलेल्या बकरीची वार उघड्या हातांनी उचलू नका आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. त्यातून ब्रुसेल्लोसिस हा रोग माणसालाही होतो. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर आहे, तिथे जाऊन प्रशिक्षणाची चौकशी करा. गोठ्यावर अडचण आली तर 1962 हा शासनाचा फोन क्रमांक आहे.

आता पैशाचं. बकरी पाच महिने गाभण राहते, पिल्लू विकायला आणखी सात-आठ महिने. म्हणजे पहिलं वर्ष हातात काही येणार नाही, घरखर्च यावर टाकू नका. ईदचा भाव चांगला मिळतो, पण कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण आणि निर्दोष लागतो. लंगडा किंवा कान कापलेला चालत नाही. शिवाय ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. म्हणून बकरी कधी फळवायची, ते त्या तारखेवरून मागे मोजून ठरवा.

राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के अनुदान आहे, पण ते शंभर बकऱ्या आणि पाच बोकड यांच्यापासून सुरू होतं. अनुदान मिळतं म्हणून ज्याने कधी एक बकरी व्यायलेली पाहिली नाही त्याने शंभर आणणं, हा मला सरळ धोका वाटतो. तसंच "तुम्ही फक्त पैसे द्या, बकऱ्या आम्ही सांभाळू, महिन्याला ठरलेला परतावा" असं कोणी सांगत असेल तर एक रुपयाही देऊ नका. पाच बकऱ्यांची दोन वेतं स्वतः पाहा, खर्च वहीत लिहा, आणि वही नफा दाखवत असेल तरच सहावी घ्या.